दिव्याखालचं भुयार
ऑलिव्हच्या मुलखात : लेखांक ४

गल्लीपोली म्हटलं की पहिल्या महायुद्धातली तुर्कस्तानची लढाई आठवते. ती ही नव्हे. ही इटलीची, बुटाच्या टाचेत, सालेन्तो भागात, आयोनियन समुद्राच्या काठावरची. जुनं गाव बेटावर आहे, एका पुलानं किनाऱ्याला बांधलेलं. गेल्या तीन लेखांकांत आपण तेल चाखत फिरलो. आज चाखण्यासारखं काही नाही, कारण गल्लीपोलीनं ज्या तेलावर नाव आणि पैसा कमावला ते तोंडात धरवलं नसतं. ते दिव्याचं तेल होतं.

इटालियनमध्ये त्याला 'लाम्पान्ते' म्हणतात. अठराव्या शतकात इथून पिंपंच्या पिंपं लंडनला, सेंट पीटर्सबर्गला रवाना होत. तिथले दिवे त्यावर जळत. इंग्लंडातल्या लोकरवाल्यांना आणि साबणवाल्यांनाही ते लागे. आणि हे सगळं तेल निघे जमिनीखाली. भर गावातल्या ग्रानाफेई वाड्याखाली खडकात खोदलेला असा एक घाणा आज तिकीट काढून बघता येतो.

पायऱ्या उतरलं की वारा पडतो. मधोमध दगडी परात, तिच्यात उभं जातं. झापडं बांधलेलं खेचर त्याभोवती फिरे. आपल्या घाण्यात उखळात लाट फिरते आणि तिथंच तेल सुटतं. इथं जात्यानं नुसता लगदा व्हायचा. तो विणलेल्या गोल चटयांमध्ये भरायचा, चटया एकावर एक रचायच्या आणि लाकडी मळसूत्री दाबाखाली पिळायच्या. छताला भोकं दिसतात. वर रस्त्यावरून ऑलिव्हची पोती थेट त्यांतून खाली रिकामी करत.

पण जमिनीखाली का? थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या माणसाला हे फार समजवावं लागणार नाही. ऑलिव्हचं तेलही गारठ्यात थिजतं, आणि गाळप तर ऐन हिवाळ्यातलं. खडकाच्या पोटात ऊब टिकते. त्यात माणसं, खेचर, दिवे आणि आंबत पडलेल्या फळांची वाफ. शिवाय इथला खडक मऊ. बांधण्यापेक्षा खोदणं स्वस्त.

त्या उबेत माणसं ऑक्टोबरपासून मेपर्यंत राहत. तिथंच जेवण, तिथंच झोप. सणवार सोडले तर वर येणं नाही. त्यांच्या म्होरक्याला 'नाकिरो' म्हणत. हा शब्द मूळचा जहाजावरचा, आपल्या कोकणातला तांडेल म्हणा. उन्हाळ्यात मासेमारी किंवा जहाजावरची नोकरी आणि हिवाळ्यात घाणा, असं बऱ्याच जणांचं वर्ष जाई. युरोपातल्या दिवाणखान्यांना उजेड पुरवणाऱ्या या लोकांनी अर्धं वर्ष सूर्य बघितला नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

तेल वाईट का, त्याचं उत्तरही इथंच आहे. फळं झाडावरून खुडत नसत. पिकून गळाली की जमिनीवरून वेचत, मग ढिगात आंबू देत. आम्लता वाढे, वास येई. दिव्याला चव कुठं लागते? पुढं रॉकेल आणि गॅस आले आणि हा व्यापार बसला.

झाडं मात्र उभी होती. मग याच गल्लीपोलीच्या आसपास ती शेंड्यापासून वाळू लागली. २०१३ साली कारण निघालं 'झायलेला फास्टिडिओसा' हा जिवाणू. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो. थुंकीसारख्या फेसात वाढणारा एक छोटा किडा त्याला झाडोझाडी पोचवतो. उपाय अजून नाही. इथल्या जुन्या ओल्यारोला आणि चेल्लिना जाती लाखोंनी गेल्या. आता त्यांच्या जागी तग धरणाऱ्या लेच्चिनो आणि फाव्होलोझा जातींची रोपं लागताहेत. लेच्चेहून बसनं येताना दुतर्फा राखाडी खोडं दिसतात. खिडकीची जागा मागून घेतली होती, पण अर्ध्या वाटेत मी पुस्तक उघडलं. हिरवे म्हातारे वृक्ष बघायचे तर उत्तरेला ओस्तुनी आणि फासानोच्या पट्ट्यात जावं लागतं. आपण पुढच्या आठवड्यात तिकडेच जाणार आहोत.

तोवर घरातली बाटली एकदा फिरवून बघा. 'लाम्पान्ते' ही प्रतवारी युरोपच्या कायद्यात आजही आहे: दोन टक्क्यांवर आम्लता गेली की तेल त्यात पडतं आणि थेट खायला विकता येत नाही. ते शुद्धीकरणाला जातं आणि थोडं चांगलं तेल मिसळून साधं 'ऑलिव्ह ऑइल' म्हणून बाहेर येतं. आपल्याकडे तळणीसाठी खपतं ते 'पोमेस' तर त्याच्याही खालचं, पेंडीतून द्रावक वापरून काढलेलं. 'व्हर्जिन' हा शब्द बाटलीवर नसेल, तर तुमच्या कढईत दिव्याच्या तेलाचीच भावकी आहे.