एकदा निवडून आलं की आयुष्यभर पेन्शन : आमदार-खासदारांचं निवृत्तिवेतन नेमकं कसं चालतं?

मार्च २०२३ मध्ये राज्यातले सुमारे १७ लाख सरकारी-निमसरकारी कर्मचारी संपावर गेले होते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तेव्हा प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. त्याच आठवड्यात आणखी दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. एक म्हणजे, ‘आम्हाला पेन्शन परवडत नाही म्हणता, मग आमदारांना कशी परवडते?’ आणि दुसरा, ‘सरकारी नोकरांना पेन्शन हवी, पण आम्हा खासगीवाल्यांचं काय?’ कोल्हापुरात तर बेरोजगार तरुणांनी जुन्या पेन्शनच्या विरोधातच मोर्चा काढला होता.

संप सात दिवसांत मिटला. मेसेज काही थांबले नाहीत. अधिवेशन आलं, निवडणूक आली, कुणी माजी आमदार वादात सापडला की ते पुन्हा फिरतात. त्यातल्या काही गोष्टी खऱ्या असतात, काही अर्धवट, काही सरळ दुसऱ्या राज्यातल्या. म्हणून एकदा नीट आकडे मांडून बघू.

महाराष्ट्रात माजी आमदाराला किती मिळतं?

राज्यात यासाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे. विधानसभा असो वा विधान परिषद, दोन्ही सभागृहांच्या माजी सदस्यांना तोच लागू होतो. ऑगस्ट २०१६ मध्ये पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी आमदारांचे पगार आणि पेन्शन वाढवणारं विधेयक आलं आणि चर्चेविना मंजूर झालं. एरवी कोणत्याही विषयावर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे सगळे पक्ष त्या दिवशी शांत होते. त्या दुरुस्तीने पेन्शन महिना ४० हजारांवरून ५० हजार रुपये झाली. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आमदार राहिलेल्याला पुढच्या प्रत्येक वर्षासाठी महिना २ हजार रुपये जास्त मिळतात.

म्हणजे पाच टर्म, २५ वर्षं आमदारकी केलेल्या नेत्याचा हिशोब असा : ५० हजार अधिक २० वर्षांचे ४० हजार, मिळून महिना ९० हजार. ‘प्रत्येक टर्मला नवी पेन्शन मिळते, पाच टर्म म्हणजे पाच पेन्शन’ हा जो मेसेज आपल्याकडे फिरतो, तो महाराष्ट्राबाबत चुकीचा आहे. तो मूळचा पंजाबचा. तिकडे खरोखरच प्रत्येक टर्मसाठी पेन्शनची भर पडत जायची आणि जुन्या आमदारांची रक्कम काही लाखांत जायची. भगवंत मान सरकारने २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा करून ती ६० हजार रुपये अधिक महागाई भत्ता इथे आणून थांबवली. त्यातून वर्षाला १९ कोटींच्या वर रक्कम वाचेल असं तेव्हा सांगण्यात आलं होतं.

गुजरातमध्ये माजी आमदारांना पेन्शनच नाही. म्हणून तिथे निवडणुकीला उमेदवार मिळेनासे झालेत, असं काही झालेलं नाही.

आणि खासदारांना?

संसदेचा कायदा १९५४ चा, पण त्यात पेन्शन आली १९७६ मध्ये. केंद्राने २४ मार्च २०२५ रोजी अधिसूचना काढून खासदारांचा पगार १ लाखावरून १ लाख २४ हजार केला आणि पेन्शन २५ हजारांवरून ३१ हजार. पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षासाठी महिना २,५०० रुपये वेगळे. ही वाढ लागू झाली ती १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे दोन वर्षं मागून.

इथे दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत, आणि खरा राग त्यांच्यावरच असायला हवा असं मला वाटतं.

पहिली, किती काळ खासदार होतात याची किमान अटच नाही. कायद्यातले शब्द ‘कितीही काळ’ अशा अर्थाचे आहेत. पाच वर्षं पूर्ण करा किंवा पोटनिवडणुकीत निवडून येऊन काही महिने बसा, मूळ पेन्शन पूर्ण मिळते. पूर्वी किमान काळाची अट होती, ती संसदेनेच काढली.

दुसरी, एका पेन्शनमुळे दुसरी बंद होत नाही. आमदार होतात, मग खासदार झालात, तर निवृत्तीनंतर दोन्ही घेता येतात. पदावर असताना मात्र पेन्शन थांबते. मंत्री, राज्यपाल किंवा पुन्हा खासदार असताना पगारही घ्यायचा आणि माजी खासदाराची पेन्शनही, असं चालत नाही. याचं ताजं उदाहरण म्हणजे जगदीप धनखड. जुलै २०२५ मध्ये उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिल्यावर त्यांनी राजस्थान विधानसभेकडे माजी आमदार म्हणून पेन्शन पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला. ते १९९३ ते १९९८ या काळात किशनगढचे आमदार होते. २०१९ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल झाल्यावर त्यांची ही पेन्शन थांबली होती. राजस्थानात एका टर्मला ३५ हजार आणि सत्तरी ओलांडली की २० टक्के जास्त, म्हणजे त्यांचे ४२ हजार होतात. माजी उपराष्ट्रपती म्हणून मिळणारी पेन्शन वेगळी. यात बेकायदा काहीच नाही. लोकांना खटकतं तेही हेच, की हे सगळं कायद्यात बसतं.

‘आमदार-खासदार टॅक्स भरत नाहीत’ हा मेसेजही अर्धवट आहे. पगार आणि पेन्शन करपात्र असते, सूट मिळते ती ठरावीक भत्त्यांना.

आता इतरांचं बघू

सरकारी कर्मचाऱ्यांपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम महागाई भत्त्यासह मिळायची आणि कर्मचाऱ्याच्या पगारातून एक रुपया कापला जात नव्हता. नव्या योजनेत कर्मचारी दरमहा १० टक्के आणि सरकार १४ टक्के घालतं, पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी घ्यावी लागते. त्यातून किती पेन्शन येईल ते आधी सांगता येत नाही. संपानंतर समिती नेमली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केल्यावर दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारली. त्यात २५ वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आहे, १० वर्षं झालेल्याला किमान १० हजार. पण कर्मचाऱ्याचा १० टक्के वाटा सुटलेला नाही.

खासगी, सहकारी आणि महामंडळातल्या लोकांची गोष्ट जास्त कठीण आहे. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, साखर कारखान्यातला कामगार, सहकारी बँकेतला क्लार्क, विडी कामगार हे सगळे ‘ईपीएस-९५’ या योजनेत येतात. तुमच्या पीएफ पासबुकात ‘पेन्शन कॉन्ट्रिब्युशन’ असा जो कॉलम दिसतो ना, तीच ही. कंपनी तुमच्यासाठी पीएफचा जो वाटा भरते, त्यातले ८.३३ टक्के इकडे वळवले जातात. पण हिशोब जास्तीत जास्त १५ हजारांच्या पगारावर, त्यामुळे महिना १,२५० रुपये.

पेन्शन काढायचं सूत्र सोपं आहे : पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार १५ हजार आणि नोकरी ३० वर्षं धरली तर उत्तर येतं ६,४२८ रुपये. हा झाला कागदावरचा आकडा. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांसाठी ६,५०० रुपयांची मर्यादा धरली जाते, त्यामुळे आज निवृत्त होणाऱ्याच्या हातात याहून कमी पडतात. किमान १० वर्षं नोकरी केली नसेल तर मासिक पेन्शनच नाही. किमान पेन्शन आहे महिना १ हजार रुपये, २०१४ मध्ये ठरलेली. महागाई भत्ता नाही, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी जो आकडा लागला तोच दहा वर्षांनीही असतो. ती ७,५०० रुपये अधिक महागाई भत्ता करा, या मागणीसाठी बुलढाण्यात या पेन्शनरांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं. सत्तरीतली माणसं पाळीपाळीने मंडपात बसायची. त्याची रील मात्र कुणी फारशी बघितली नाही.

ज्यांना पीएफही नाही, म्हणजे शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका, हातगाडीवाले, त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ योजना आहेत. जुलै २०२३ पासून महिना दीड हजार. यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये, बाकी राज्याचं. श्रावणबाळसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. याला बाराने भागा : महिना १,७५० रुपये. घरात महिन्याला दोन हजार येत असतील तर कागदोपत्री ते म्हातारं माणूस या योजनेसाठी ‘श्रीमंत’ ठरतं. मग तलाठ्याकडे, तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याचे जे प्रकार चालतात, ते गावाकडच्या कुणालाही विचारा. दाखला खरा दिला तर पेन्शन जाते. आणि ही पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा तो वेगळाच.

माजी आमदाराला उत्पन्नाची अट नाही. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ने २०२४ च्या विधानसभेत निवडून आलेल्या २८६ आमदारांची प्रतिज्ञापत्रं तपासली, त्यातले २७७ कोट्यधीश निघाले.

मग आमदारांची पेन्शन बंद केली तर इतरांना देता येईल का?

नाही. इथे बरेच व्हायरल मेसेज घसरतात. समजा राज्यात १ हजार माजी आमदार आणि त्यांच्या वारसांना सरासरी ६० हजार मिळतात असं धरलं, तर वर्षाचे होतात ७२ कोटी. आणि जुनी पेन्शन सगळ्यांना लागू केली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, असं देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात सांगितलं होतं. तो आकडा फुगवलेला आहे असं संघटनांप्रमाणे आपणही मानलं आणि निम्मा केला, तरी ७२ कोटी त्यात कुठे शोधणार?

तेव्हा तिजोरीच्या हिशोबात हा मुद्दा किरकोळ आहे. तो महत्त्वाचा आहे तो वेगळ्या कारणाने. इतरांसाठी जे नियम ‘आर्थिक शिस्त’ म्हणून आणले गेले, म्हणजे स्वतःचा वाटा भरा, किमान वर्षं पूर्ण करा, किती मिळेल ते बाजारावर सोडा, त्यातला एकही नियम ते मंजूर करणाऱ्यांनी स्वतःला लावला नाही. अग्निपथ योजनेत चार वर्षं सैन्यात राहिलेल्या अग्निवीराला पेन्शन नाही. जून २०२२ मध्ये तेव्हाचे भाजप खासदार वरुण गांधी यांनीच यावर बोट ठेवलं आणि मी माझी पेन्शन सोडायला तयार आहे असं जाहीर केलं. त्यांच्या मागे रांग लागली नाही.

पेन्शनच्या बाजूनेही एक मुद्दा आहे

तो टाळून चालणार नाही. सत्तरच्या दशकात ही तरतूद आली तेव्हा सभागृहात शेतकरी, कामगार, शिक्षक चळवळीतून आलेली, घरदार सोडून राजकारण करणारी माणसं बरीच होती. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले आणि शेवटपर्यंत साधे राहिले. अशा माणसाला म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागू नये, आणि उद्या काय खायचं या भीतीने पदावर असताना पैसे करावेसे वाटू नयेत, हा त्यामागचा विचार होता. पेन्शन सरसकट बंद केली तर सगळ्यात आधी फटका बसेल तो याच लोकांना, कोट्यधीशांना काही फरक पडणार नाही. म्हणून मला ‘बंद करा’पेक्षा किमान कार्यकाळ, उत्पन्नाची मर्यादा आणि एकच पेन्शन ही मागणी जास्त रास्त वाटते. हिमाचल विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये पक्षांतराबद्दल अपात्र ठरलेल्यांची पेन्शन काढून घेणारं विधेयक मंजूर केलं होतं. महाराष्ट्रात तसं काही आलं तर चर्चेविना मंजूर होईल का, हा प्रश्न सोडून देऊ.

कोर्ट काय म्हणतं?

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितलं. १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे साजरा होतो तो त्यामुळे. दुसरीकडे ‘लोक प्रहरी’ या संस्थेने खासदारांच्या पेन्शनला आव्हान दिलं. राज्यघटनेच्या कलम १०६ मध्ये फक्त ‘वेतन आणि भत्ते’ म्हटलंय, पेन्शन हा शब्दच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आमदारांसाठीच्या कलम १९५ मध्येही तो नाही. एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयाने ही याचिका फेटाळली. हे ठरवणं संसदेचं काम आहे, असा त्याचा अर्थ.

म्हणजे प्रश्न फिरून तिथेच येतो : ज्यांना घ्यायची तेच ठरवणार. ब्रिटनमध्ये खासदार पेन्शनसाठी स्वतःच्या पगारातून वाटा भरतात, आणि त्यांचे पगार-पेन्शन एक स्वतंत्र संस्था ठरवते. आपल्याकडेही बाहेरची समिती नेमावी असं अधूनमधून सुचवलं गेलं. त्याऐवजी २०१८ मध्ये खासदारांचे पगार आणि पेन्शन महागाई निर्देशांकाला जोडून टाकण्यात आले. आता दर पाच वर्षांनी ते आपोआप वाढतात, संसदेत विधेयक आणून टीका ओढवून घ्यायची गरज उरलेली नाही. त्या कायद्यानुसार पुढची वाढ १ एप्रिल २०२८ ला आहे. ईपीएस-९५ च्या किमान पेन्शनसाठी अशी कोणतीच तारीख कायद्यात नाही.