भिंतीवरची आकाशगंगा आणि फ्रेमवाला

आमचा धंदा कापडाचा. पण कॅनव्हास न्यायला येणाऱ्या फ्रेमवाल्यांमुळे हा माल आम्हाला कळला. जिवंत प्राण्याची तसबीर घरात नको म्हणणारी कुटुंबेही तारे आणि तेजोमेघ दिवाणखान्यात खुशीने लावतात. तुघऱ्यांच्या जोडीला हा चांगला माल आहे.

नवल एकाच गोष्टीचे वाटते. आपले कारागीर चित्रासाठी दलालाला पैसे मोजतात! नासाच्या छायाचित्रांवर सहसा कॉपीराइट नसतो. हबल दुर्बिणीचे १९९५ चे गरुड तेजोमेघातील खांब घ्या, किंवा वेब दुर्बिणीचा २०२२ चा कॅरिना तेजोमेघ. नासाचे बोधचिन्ह मात्र मालावर छापू नये, आणि चित्र युरोपीय अवकाश संस्थेकडून घेतले तर श्रेय द्यावेच लागते.

वाचलेला पैसा कापडात आणि शाईत घाला. या चित्रांत काळा रंग फार, आणि हलक्या शाईत तो राखाडी पडतो. घट्ट विणीचा सुती कॅनव्हास घ्यावा, पट्टीवर वळवायला चारी बाजूंनी दोन इंच जादा सोडावा. चकचकीत काच नको, तिच्यात आकाशगंगेऐवजी समोरची ट्यूबलाइट दिसते.

देवयानी दीर्घिकेची नोंद अब्दुर्रहमान अस्सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास ‘लहान ढग’ म्हणून केली होती. त्या फ्रेमच्या पाठीमागे एवढी चिठ्ठी डकवायला खर्च तो काय?