शाळा नकोशी वाटते तेव्हा...

रोज सकाळी पोटात दुखते, डोके धरते, डोळ्यांत पाणी येते. ही नाटके की आणखी काही? तंजावरच्या मातीत वाढलेल्या दोन मुलांच्या गोष्टी पालकांना बरेच काही सांगून जातात.

सकाळचे सात वाजलेले असतात. डबा भरून तयार असतो, गणवेशाला इस्त्री झालेली असते, खाली रिक्षावाले काका दुसऱ्यांदा हॉर्न वाजवतात आणि चिरंजीव अंथरुणात पोट धरून बसलेले असतात. ‘आई, आज नको ना शाळा. पोटात दुखतंय.’ कालही दुखत होते. गेल्या सोमवारीही दुखत होते. रविवारी मात्र त्याच पोटात दोन वाट्या श्रीखंड बिनतक्रार जाते! मग आईचा पारा चढतो, बाबा वर्तमानपत्रातून मान वर काढून ‘पुरे झाली नाटकं’ म्हणतात आणि रडतरखडत स्वारी रिक्षात बसते.

हे दृश्य बहुतेक घरांत कधी ना कधी दिसते. चार दिवसांत ते मिटले तर काळजीचे कारण नसते. पण महिना उलटला तरी रोज तेच चालू राहिले, तर ‘नाटक’ हा शब्द बाजूला ठेवायला हवा. मन घाबरले की शरीर खरोखरच दुखते. परीक्षेच्या आधी आपल्या हातापायांना घाम सुटायचा तो काही खोटा नव्हता. मुलाचे पोटही तसेच खरे दुखते. फक्त त्याचे कारण पोटात नसते.

महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या खोऱ्यात, तंजावर हे शहर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या वंशजांनी तिथे राज्य केले, म्हणून मराठी माणसाला ते परके नाही. या तंजावर परिसरात शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोन मुले वाढली. एकाला शिकायचे होते, पण शिकू दिले गेले नाही. दुसऱ्याला शाळेत घातले, पण शाळेचे आणि त्याचे जमले नाही. पुढे दोघांचीही नावे इतिहासात गेली. मात्र मुले म्हणून दोघेही दुःखी होते, आणि ते दुःख कोणी ओळखले, कोणी नाही, यावर त्यांच्या आयुष्यातली बरीच वर्षे ठरली.

अंधाऱ्या खोलीतला राजपुत्र

पहिला मुलगा म्हणजे सरफोजी राजे दुसरे. जन्म १७७७ सालचा. तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये त्याला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते वारले. दहा वर्षांच्या मुलाच्या नावाने कारभार तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्या हाती आला. थोड्याच काळात दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असे ठरवून अमरसिंग स्वतः गादीवर बसले. आता हा मुलगा अडचणीचा झाला. त्याला वाड्यात जवळजवळ कैदेत ठेवले गेले. उजेड नाही, मोकळी हवा नाही आणि नीट शिक्षणही नाही.

या मुलाकडे एका माणसाचे लक्ष होते. श्वार्ट्झ नावाचा हा जर्मन धर्मोपदेशक अनेक वर्षे त्या भागात राहिला होता. तो तमिळ आणि मराठी जाणत होता आणि तुळजाजींचा त्याच्यावर विश्वास होता. त्याने मुलाची अवस्था पाहिली आणि गप्प बसला नाही. मद्रासच्या कंपनी सरकारकडे तो पुन्हा पुन्हा दाद मागत राहिला. अखेर १७९३ मध्ये सरफोजीला तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. मुलाला तेव्हा सोळावे वर्ष चालू होते. तिथे गेरिके नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण मार्गी लागले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आला. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, पण राजाने आपला वेळ विद्येला दिला.

बालपणी ज्याला पुस्तके मिळाली नाहीत, त्या माणसाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. ते आजही तंजावरला आहे आणि हजारो हस्तलिखितांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्याने देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचा ‘बालबोध मुक्तावली’ हा मराठी अनुवाद १८०६ मध्ये तिथे छापला गेला. म्हणजे अगदी सुरुवातीच्या छापील मराठी पुस्तकांपैकी एक चक्क मुलांसाठी होते! ओरतनाडूच्या अन्नछत्रात विद्यार्थ्यांच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय होती. आणि भूगोल? तो तर या राजाने ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात घातला, गाण्या-नाचांतून जगाची माहिती देणारा. कंटाळवाणा विषय गोडीने कसा शिकवावा हे त्याला उमगले होते.

कुंभकोणमचा पळून गेलेला विद्यार्थी

तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यात, कुंभकोणम आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन इथे वाढले. जन्म १८८७ चा. लहानपणी काही महिने मद्रासला आजोळी असताना त्यांना तिथली शाळा इतकी नकोशी झाली की घरच्यांनी मुलाला शाळेत धाडण्यासाठी ओळखीच्या शिपायाचा धाक घातला. पोलिसाची भीती घालून शाळेत पाठवणे ही युक्ती किती जुनी आहे पाहा! उपयोग झाला नाही. काही महिन्यांत मुलगा कुंभकोणमला परत आला आणि तिथे हुशार निघाला. १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत तो तंजावर जिल्ह्यात पहिला आला. मुलगा तोच होता. गाव आणि शाळा बदलल्यावर त्याचे रडणे थांबले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९०४ मध्ये गणिताचे बक्षीस आणि शिष्यवृत्ती घेऊन रामानुजन कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेले. तोवर गणिताने त्यांना पुरते झपाटले होते. बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष झाले, इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. घरची गरिबी, फी भरायची ऐपत नाही, वर अपमान. १९०५ च्या ऑगस्टमध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. तिथून परतल्यावर मद्रासच्या दुसऱ्या महाविद्यालयात प्रयत्न केला, पण १९०६ आणि १९०७ अशी दोन वर्षे एफ. ए. ची परीक्षा हुकली. पुढे रामचंद्र राव या सनदी अधिकाऱ्याने त्यांची वही पाहून दरमहा २५ रुपयांची मदत केली. १९१२ मध्ये मद्रासच्या बंदरात कारकुनी मिळाली, १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र गेले आणि १९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

ही गोष्ट आपण नेहमी ‘नापास झालेलाही मोठा होतो’ अशी सांगतो. त्यात फसगत आहे. नापास होणारा प्रत्येक मुलगा रामानुजन नसतो, आणि तसा असण्याची त्याच्यावर सक्तीही नसावी. सतरा वर्षांचे पोर एकटे, न सांगता दूरच्या गावी निघून गेले, हे विसरू नये. ‘तुझे एका विषयात बिनसले आहे, आपण मार्ग काढू’ असे त्याला वेळेवर सांगून ते निभावणारे कोणी मिळाले असते, तर ती भटकंती टळली असती. सरफोजीला असा माणूस मुलगा असतानाच भेटला. रामानुजनना तो फार उशिरा भेटला.

नेमके कुठे टोचते?

‘तुला शाळा का आवडत नाही?’ हा प्रश्न मुलाला पेलत नाही. ते खांदे उडवते किंवा ‘माहीत नाही’ म्हणते. त्यापेक्षा दिवसाचे तुकडे पाडून विचारा. रिक्षात कोणाशेजारी बसतोस? मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस? कोणता तास लवकर संपावा असे वाटते? संपूर्ण शाळा क्वचितच नकोशी असते. बहुधा एखादी जागा, एखादा तास किंवा एखादे माणूस टोचत असते.

आधी साध्या गोष्टी तपासा. पोटदुखीसाठी डॉक्टरांना दाखवा. डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचे दिसत नसल्यामुळे ‘ढ’ ठरलेली मुले थोडी नाहीत. तोंडी उत्तरे चटाचट देणारे मूल लिहिता-वाचताना सतत अडखळत असेल, अक्षरे उलटसुलट होत असतील, तर तो आळस नसून अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. तज्ज्ञांचे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात.

कोणी चिडवत किंवा मारत असेल, तर ‘तूही एक ठेवून दे’ हा सल्ला देऊ नका. जमत असते तर त्याने कधीच दिली असती! आणि मारणारे शिक्षकच असतील, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ लक्षात ठेवा. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे याला कायद्याने बंदी आहे.

भाषा परकी असेल तर

बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांना आणखी एक प्रश्न भेडसावतो. समजा, सोलापूरची चौथीतली मुलगी वडिलांच्या बदलीमुळे तंजावरच्या शाळेत गेली. तमिळनाडूत २००६ च्या कायद्यानंतर तमिळ हा विषय टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत सक्तीचा होत गेला. क, ख, ग, घ ही चार अक्षरे गिरवून आलेल्या या मुलीला तमिळमध्ये चौघांसाठी एकच अक्षर दिसते. कुठे काय उच्चारायचे हे तिथल्या मुलांना कानाने कळते, तिला कळत नाही. ती वाचायला उठते, वर्ग हसतो. कालपर्यंत पहिल्या पाचांत असलेली मुलगी एका आठवड्यात मुकी होते.

तिला शिकवणी लावण्याआधी एक मैत्रीण जोडून द्या. शेजारच्या मुलीला संध्याकाळी खेळायला बोलवा. खेळातली भाषा वर्गातल्या भाषेपेक्षा लवकर येते. पहिल्या सहामाहीचे गुण मनावर घेऊ नका. आणि रविवारी तिला सरस्वती महाल आणि बृहदीश्वराचे मंदिर दाखवा. मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. परक्या गावात आपली अक्षरे दगडावर भेटली की मुलाची मान आपोआप वर होते.

शाळेत जाताना

शिक्षकांना भेटायला जाल तेव्हा मुलासमोर भांडू नका आणि मुलाची उणीदुणीही काढू नका. वेळ ठरवून जा. ‘तुम्ही माझ्या मुलाला त्रास देता’ अशी सुरुवात केली की दार बंद होते. ‘घरी ती रोज रडते, वर्गात तुम्हाला काय दिसते?’ असे विचारले तर बहुतेक शिक्षक मदतच करतात. एक लहानशी मागणी ठेवा. बाक बदलणे, काही दिवस मोठ्याने वाचायला न सांगणे, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणे. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटा. वर्गशिक्षकांकडून काही झाले नाही, तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. श्वार्ट्झने एकदाच सांगून हात झटकले नव्हते.

शाळा बदलणे हा शेवटचा उपाय, पण तो निषिद्ध नाही. रामानुजनचे उदाहरण समोर आहेच. मात्र आधी काय टोचते ते कळू द्या. नाहीतर ते दप्तरातून नव्या शाळेतही जाईल.

मुलांनो, तुमच्यासाठी

हा अंक तुमच्या हाती पडला असेल तर चार शब्द तुमच्याशीही. शाळा आवडत नाही म्हणून तुम्ही वाईट मुले ठरत नाही. जे होते ते एका मोठ्या माणसाला सांगा. आईने ऐकले नाही तर आजीला, आजीने नाही तर मावशीला, काकांना, आवडत्या बाईंना. एकाने हसण्यावारी नेले म्हणून थांबू नका. सांगता येत नसेल तर चिठ्ठी लिहा. शाळेबाहेर आपले असे काहीतरी ठेवा. तबला असो, बुद्धिबळ असो की चित्रांची वही. गुणपत्रिका कशीही आली तरी तिथे तुम्ही तुम्हीच असता.

आणि कधी फारच अंधारून आले, जगणेच नकोसे वाटले, कोणी अंगाला नको तसा हात लावला, तर गप्प राहू नका. मुलांसाठी १०९८ हा फोन दिवसरात्र मोफत चालू असतो. मनाच्या त्रासासाठी सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. हे क्रमांक पालकांनीही फोनजवळ लिहून ठेवावेत. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

तंजावरला श्वार्ट्झच्या चर्चमध्ये सरफोजी राजांनी इंग्लंडहून करवून आणलेले एक संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवरचा म्हातारा श्वार्ट्झ आणि त्याचा हात हाती घेतलेला तरुण सरफोजी. राजा आपल्या धर्मातच राहिला, पण लहानपणी आपल्यासाठी बोललेल्या माणसाला तो विसरला नाही.

उद्या सकाळी पुन्हा पोट दुखेल, तेव्हा रिक्षावाल्या काकांना दोन मिनिटे थांबायला सांगा. अंथरुणाच्या कडेला बसा आणि हळूच विचारा, ‘आज पहिला तास कुणाचा आहे रे?’