हळदीचा उजेड आणि मज्जातंतू

देगलूरच्या बाजारातली चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळा. वरचे निवळ द्रावण अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. दिव्याकडे मात्र थेट पाहू नका. द्रावण हिरवट-पिवळे उजळेल! अधिक ऊर्जेचा प्रकाश शोषून कमी ऊर्जेचा, म्हणजेच अधिक तरंगलांबीचा, प्रकाश बाहेर टाकण्याच्या या गुणाला अनुदीप्ती म्हणतात.

विद्यार्थिमित्रांनो, हाच गुण शस्त्रवैद्याच्या उपयोगी पडू शकतो. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग पुष्कळांना होतो. त्याच्या शस्त्रक्रियेत मानेतील लसिका ग्रंथीही बहुधा काढाव्या लागतात. तेथूनच खांद्याकडे एक मज्जातंतू जातो. तो तुटला, तर रोग बरा होऊनही हात खांद्याच्या वर नीट उचलत नाही. मग डोक्यावर घागर घ्यायची कशी? साध्या प्रकाशात बारीक मज्जातंतू भोवतालच्या ऊतकांतून चटकन ओळखू येत नाहीत.

अमेरिकेत क्वेन न्गुयेन आणि नोबेल पारितोषिक विजेते रॉजर त्सिएन यांच्या गटाने मज्जातंतूंना चिकटणारी अमिनो आम्लांची छोटी साखळी शोधली व तिला अनुदीप्त रंग जोडला. २०११ साली त्यांनी उंदरांचे मज्जातंतू असे उजळून दाखविले. पुढे फ्लुओरेसीन जोडलेल्या अशाच औषधाच्या माणसांवर चाचण्या झाल्या. फ्लुओरेसीन सुमारे ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषते आणि सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देते. गाळणीने निळा प्रकाश अडविला, की मज्जातंतू हिरवे दिसतात.

आता हळदीकडे पिवळ्या जिलेटिन कागदातून पाहा. काय अडले आणि काय आले, ते वहीत लिहा.