अत्तरातलं रसायन, बुरशीचा निरोप
पाव फुगवणाऱ्या यीस्टची भाऊबंद कँडिडा अल्बिकन्स अनेकांच्या तोंडात, आतड्यात निमूट राहते. पेशींची दाटी झाली की ती फार्नेसॉल सोडते, हे २००१ मध्ये उघड झालं. फुलांच्या तेलांत असणारं, अत्तरांत वापरलं जाणारं हेच रसायन! बुरशीच्या भाषेत त्याचा अर्थ मात्र रुक्ष: गर्दी झाली, धागे काढू नका.

कारण खरी खोडी धाग्यांची. गोल पेशी लांबून धागे झाल्या, की कँडिडालायसिन हे विष स्रवू लागतं. २०१६ मध्ये ओळखलेली ही अवघ्या ३१ अमिनो आम्लांची साखळी आपल्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडते. चोरानंच घंटा वाजवावी तसं, या घावानेच शरीर सावध होतं आणि पांढऱ्या पेशी धावून येतात.