‘मे’ची चार रूपे

‘मे आय कम इन, सर?’ हे वाक्य आपणा सर्वांना वर्गाच्या दारातच भेटते. येथे ‘मे’ परवानगी मागतो : ‘येऊ का?’ ‘इट मे रेन’मध्ये तो शक्यता दाखवितो : ‘पाऊस पडेल कदाचित.’ ‘मे यू लिव्ह लाँग’मध्ये इच्छा : ‘उदंड आयुष्य लाभो.’

चौथे रूप कायद्यात आढळते. माझे गाव कोंडाणे. राजमाचीच्या पायथ्याची आमची बौद्ध लेणी १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने संरक्षित आहेत. अशा स्मारकाची नासधूस करणारा ‘शॅल बी पनिशेबल’, असे हा कायदा म्हणतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाख रुपयांपर्यंत ‘मे एक्स्टेंड’. म्हणजे ‘शॅल’ने कृत्य शिक्षापात्र ठरविले, ‘मे’ने शिक्षेची कमाल मर्यादा आखली. तिच्या आत किती, हे न्यायालय ठरविते. येथे ‘मे’चा अर्थ ‘कदाचित’ असा केला, तर कायदाच पोकळ वाटेल.

घरात मीच पहिला कॉलेजात आलेला. त्यामुळे इंग्रजी कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडेच येते. वडील विचारतात, ‘देणार, की देऊ शकतात?’ मित्रहो, ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील सारे अंतर या प्रश्नात आहे.