गळ्यातले मडके आणि गळ्यातली नळी

१९६७ साली हॉलंडमधील गाइस बाकर या कलावंताने धुराड्याच्या नळीसारखा ॲल्युमिनियमचा गळ्यातला दागिना घडविला आणि तिकडचे कलाजगत अचंबित झाले. आता तर खुर्ची-कपाटाचे तुकडेही अंगावर मिरविले जातात.

आपल्याला यात नवल ते काय? पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधण्याची सक्ती होती, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवून ठेवले आहे. मडके आणि झाडू, दोन्ही घरातल्याच वस्तू! बाकरची नळी घालणारी बाई ती हवी तेव्हा काढू शकत होती. आमच्या आजे-पणज्यांना ते मडके काढता येत नव्हते. त्याच ग्रंथात इंदूरकडील बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, या सवर्णांच्या फर्मानाची १९२८ ची हकिगतही आहे. म्हणजे काय घालायचे हेही तेच ठरविणार आणि काय घालायचे नाही हेही तेच!

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या मायमाउल्यांना सांगितले की, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाच्या पाटल्या ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. दागिन्यातले राजकारण इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी सांगितले?

आज मीरा-भाईंदरमध्ये इमिटेशन दागिन्यांचे काम चालते, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. पत्रा, तार, डाग देणे, पॉलिश हे सारे हात जाणतात. पण हे हात नगावर मोजले जातात, आणि डिझाइन मात्र दुसऱ्याच्या नावाचे. हे चित्र बदलू शकते. सुधीर राजभर यांनी मुंबईत 'चमार स्टुडिओ' उभा केला. जी शिवी होती तीच ब्रँड केली! गोवंश हत्याबंदी २०१५ साली वाढविल्यानंतर चामड्याचे काम करणाऱ्यांवर संकट आले, तेव्हा त्यांनी टाकाऊ रबर हाती घेतले. त्या रबराच्या पिशव्या झाल्या, पुढे खुर्च्याही झाल्या आणि २०२४ मध्ये त्या अमेरिकेत डिझाइन मायामीच्या प्रदर्शनात पोहोचल्या.

भाईंदरच्या वस्त्यांतील आपल्या मुलामुलींना जे. जे. कला महाविद्यालयातील धातुकामाच्या शिक्षणाची माहिती तरी कोणी देते काय? जयंतीच्या वर्गणीतून डीजेसाठी पैसा निघतो. त्यातला काही भाग प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी काढावा आणि ही माहिती विहाराच्या फलकावर लावावी.